वकिलाला कच्चं कुणी घातलं

८ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद गृहीत धर. फोन तू उचलत नाहीस आणि दारात येऊन उभं राहायची माझी हिंमत नाही, म्हणून हे पत्र. पोट सुटलं तरी तू माझ्यासाठी बारक्याच, तेव्हा नाकाला मिरच्या झोंबवून घेऊ नकोस.

तुझ्या मेंढ्या काल कत्तलखान्यात आल्या. मला कुणी सांगावं लागलं नाही. पाठीवरची निळी खूण मी फाटकापासूनच ओळखली. ती खूण मीच ठरवली होती, आठवतंय? तुला लाल हवी होती. लाल रंगात जनावर जखमी आहे की रंगवलंय ते कळत नाही, असं मी म्हटलं, तर तू दिवसभर तोंड फुगवून बसलास.

इथलं काम तू पाहिलेलं आहेस. जनावर आकड्याला उलटं लटकत पुढे सरकतं, एकजण कातडं उतरवतो, एकजण पोट उघडतो आणि आतला सगळा ऐवज एका ताटात माझ्यासमोर येतो. मी फुप्फुस बोटांनी दाबते, यकृताला चिरा देते. ठीक असेल तर शिक्का, नसेल तर लाल पिंप. मी परत नोकरीला लागल्यापासून तुझ्या जनावरांना शिक्क्यावर शिक्का बसत आला. पोट उघडणारे मामा म्हणायचे, "डॉक्टरबाई, तुमच्या माहेरची पोरं आली. डोळे मिटून मारा शिक्का." मी डोळे कधी मिटले नाहीत, पण ऐकायला गोड वाटायचं.

काल मामांनी पहिलं ताट समोर ठेवलं. फुप्फुसावर पांढऱ्या गाठी होत्या. काही बोराएवढ्या, एक लिंबाएवढी. दाबलं की आत पाणी हलतं. दुसऱ्या ताटात यकृत तसंच. तिसऱ्यात दोन्ही. कोवळ्या मेंढ्या बऱ्या होत्या, जाणत्या सगळ्या भरलेल्या. मांस विकायला गेलं, त्याची काळजी नको, ह्या गाठी मांसात नसतात. पण लाल पिंप तुझ्याच मालाने काठोकाठ भरलं. मामा शेवटी हळूच म्हणाले, "माहेरी कुणी नवीन आलंय का हो?"

मी म्हटलं, "आलंय ना. चार वर्षं झाली."

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. सगळे म्हणत होते, घर कसं नीट चालवते, मेंढ्या कशा तुकतुकीत आहेत, खारूचे केस कसे चापूनचोपून विंचरते. बाहेरून सगळं छान. आतून कसं आहे ते मी पाहिलं.

खारूची आई गेली तेव्हा खारूला दातही आले नव्हते. गालात भात साठवून ठेवायची म्हणून तिचं नाव मी खारू ठेवलं. नोकरीवर पाणी सोडून मी तुझ्याकडे आले, तिला उभी केली, तुझं स्वयंपाकघर, तुझा हिशेब आणि तुझा कळप सांभाळला. आणि वकील तर माझाच. आईवेगळं कुत्र्याचं पिल्लू, काळं अंग, गळ्याला पांढरी पट्टी, अंगात कोट घालून कोर्टात निघाल्यासारखं. मी त्याला बाटलीने दूध पाजलं. मग तू लग्न केलंस. सुंठेवाचून खोकला गेला, मी माझी बॅग उचलली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काही उगीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आले होते, ते विसरला नसशील. मी खारूसाठी फ्रॉक आणला होता. तो तिला दंडात अडकला. मी लक्षात ठेवलेली खारू आणि समोर उभी खारू यांत बरीच वर्षं होती, हे मला दुकानात सुचलं नाही. तुझी बायको म्हणाली, "असू द्या वन्सं, मी करते काहीतरी." तिने काहीतरी करावं एवढंच उरलं होतं. आणि खारू आत धावत गेली, "आई, आत्या आल्यात!" आल्यात! मला, बारक्या. जिचा अंगठा मी तोंडातून काढायची, ती मला अहोजाहो करते.

तेही गिळलं. पण वकिलाला हाक मारली तर त्याने शेपटी हलवली, ओळखीच्या पाहुण्यापुढे हलवावी तेवढीच, आणि तिच्या पायाशी जाऊन बसला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात हे मला मान्य आहे. पण कुत्रंसुद्धा? हिने याला फितवलं तरी कसं, हा किडा माझ्या डोक्यात तेव्हापासून वळवळत होता. काल उत्तर मिळालं. शेडमागे मी खणलेला खड्डा, ज्यावर दगडी झाकण होतं, ज्यात घरी कापलेल्या मेंढीचं आतलं सगळं पुरायचं, त्यावर तिने फुलझाडं लावलेली मी उन्हाळ्यातच पाहिली होती. मग आतलं सगळं जातं कुठे? वकिलाच्या तोंडात. कच्ची फुप्फुसं चारून तिने माझा कुत्रा घेतला.

विचार तिला. वकिलाला कच्चं कोण घालतं ते विचार. आणि कुत्रा मला पाठवून दे.

ताई


१९ जानेवारी

बारक्या,

एवढा मोठा बाप्या आणि उत्तर चार ओळींचं. "ती म्हणते घालत नाही. विषय संपला. तुझ्या पोटात दुखतंय, दुसरं काही नाही." बायको बोलली की विषय संपतो, मी बोलले की सुरू होतो, हे मला आता पाठ झालं आहे.

दुखतं पोटात. पुढे?

पण मागच्या पत्रात मी मेंढ्या, कुत्रा आणि तुझी बायको यांच्यावरच कागद संपवला आणि मुख्य गोष्ट राहून गेली. ती का राहिली ते मला विचारू नकोस. आता नीट वाच, उभ्या उभ्या वाचू नकोस.

मेंढीच्या त्या पाण्याच्या गाठीत एका कृमीची पिल्लं असतात. गाठ कच्ची कुत्र्याच्या पोटात गेली की त्याच्या आतड्यात तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक कृमी वाढतात. कुत्र्याला काही होत नाही. खातो, पितो, उड्या मारतो. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, डोळ्यांना न दिसणारी. ती गवतावर जातात आणि मेंढ्या ते गवत खातात. एखाद्या म्हाताऱ्या मेंढीत अशी एखादी गाठ असतेच. ती कुत्र्यापर्यंत पोचू दिली नाही तर तिथेच संपते, पोचू दिली तर कळपभर होते. म्हणून तो खड्डा होता. म्हणून मी वकिलाला ठरल्या वेळी जंताचं औषध द्यायची आणि तू हसायचास, "ताईचं खूळ."

आता पुढचं. तीच अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटतात. अंगणातल्या भाजीवर, पाण्याच्या हौदात जातात. कुत्र्याला कुरवाळलेला हात तोंडात गेला की माणसाच्या पोटात. मेंढीत मी जे पाहिलं तेच माणसात होतं, यकृतात, फुप्फुसात. मटण खाऊन नाही होत, कुत्र्यामुळे होतं. आणि वर्षानुवर्षं कळत नाही. मूल खेळतं, जेवतं, शाळेत जातं आणि आत गाठ वाढत असते.

उन्हाळ्यात मी पाहिलं, खारू दुपारी वकिलाच्या पोटावर डोकं ठेवून झोपते. अंगठा अजून तोंडात असतो.

तिला शहरात ने आणि पोटाची सोनोग्राफी करून घे. दुखत नाही, नुसतं यंत्र फिरवतात. छातीचा एक्स-रेही काढून घे. मेंढ्या गेल्या तर गेल्या, ही एकच पोर आहे. काही निघालं नाही तर मला चार शिव्या दे, मी त्या लोणच्यासारख्या मुरवून ठेवीन.

सख्खी आई असती तर तिच्या हे कधीच लक्षात आलं असतं.

ताई


२ फेब्रुवारी

बारक्या,

तू लिहितोस, हे पत्र नसून शाप आहे. भरल्या घरात लेकराच्या पोटात गाठी होतील असं अभद्र लिहिणारी आत्या तू जन्मात पाहिली नाहीस. कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही. आणि यापुढे माझं पत्र आलं तर न उघडता परत पाठवशील.

बरं. मी कावळा. पण कावळाही साप दिसला की ओरडतो रे.

तू हे उघडणार नाहीस हे माहीत असूनही लिहिते आहे, कारण बोलायला इथे दुसरं कुणी नाही. मामांना सांगितलं, तर ते म्हणाले, "शेवटची ओळ कशाला लिहिली बाई? औषधात मीठ घातलंत." ती ओळ लिहिताना मला फार छान वाटलं होतं. ती लिहायलाच जणू बाकीचं पत्र लिहिलं.

हेच शब्द दुसऱ्या कुणी लिहिले असते तर तू त्याच दिवशी गाडी काढली असतीस. चार वर्षं मी तुझ्या बायकोच्या पडद्यांना नावं ठेवली, भाजीला ठेवली, तिच्या हसण्याला ठेवली. लांडगा आला, लांडगा आला. आता खरोखरचा आलाय आणि ओरडून माझाच घसा बसला.

ताई


३ फेब्रुवारी

बारक्याच्या बायकोस,

तुला मी आजवर पत्र लिहिलेलं नाही आणि कधी नावाने हाकही मारलेली नाही. तेव्हा सुरुवात वाकडी झाली तर सांभाळून घे.

मला तू आवडत नाहीस. तुला हे ठाऊक आहे, मग झाकून काय उपयोग? तू वाईट आहेस म्हणून नाही. तू वाईट असतीस तर फार सोपं झालं असतं. तू मी करायची तेच सगळं करतेस आणि लोक तुला ते करू देतात.

बारक्याला मी जे लिहिलं ते त्याने तुला दाखवलं असेल. त्यातलं तुझ्याबद्दलचं सगळं खोडून टाक आणि बाकीचं पुन्हा वाच. तू वकिलाला कच्चं घालतेस का, हे मी विचारणार नाही. मला ठाऊक आहे, आणि तुलाही. नवऱ्याने दरडावून विचारलं की माणूस नाही म्हणतो. मीही नाही म्हटलं असतं.

सोबत गोळ्या पाठवल्या आहेत. त्या वकिलाच्या आहेत, लोण्यात लपवून दे, नाहीतर थुंकतो. नंतर त्याला दोनतीन दिवस बांधून ठेव. त्याची घाण हातमोजे घालून उचल आणि जाळ, नुसती फेकू नकोस. मग त्याला आंघोळ घाल. दर दीड महिन्याने पुन्हा गोळी. घरी मेंढी कापाल तेव्हा आतलं एकतर खोल पुरायचं नाहीतर चांगलं खदखदा उकळायचं. तुझी फुलझाडं दुसरीकडे लाव. पाणी उकळून प्या, अंगणातला पाला धुतल्याशिवाय तोंडात जाऊ देऊ नकोस. खारूची नखं काप. ती हात मागे लपवते, तेव्हा गोष्ट सांगायला लागायचं, मग आपोआप पुढे येतो.

आणि तिला शहरातल्या दवाखान्यात ने. नवऱ्याला खरं कारण सांगायची गरज नाही. भूक मंदावली म्हण, उजव्या कुशीत टोचतं म्हण, शाळेतून मागितलंय म्हण. त्याला तुझं पटतं, माझं पटत नाही. चार वर्षं मी यावर जळते आहे. एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे.

डॉक्टरांना मात्र सगळं सांग, मेंढ्या, कुत्रा, कच्चं. आणि गाठ दिसली तर कुणालाही तिच्यात सुई घालू देऊ नकोस. आतलं पाणी सांडलं तर जिवावर बेततं. हे वाक्य पाठ कर.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण ने तिला.

खारूची आत्या


२५ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र आलं. सगळ्यात आधी शेवटचं पान वाचलं, कारण अक्षर तिथे वाकडं झालं होतं. एकच गाठ, यकृतात, लिंबाएवढी. फुप्फुस साफ. सहा महिन्यांचा गोळ्यांचा कोर्स, मधेमधे तपासणी, आटली नाही तर शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत.

लिंबाएवढी. काल कामावर हा शब्द सारखा मनात येत राहिला. एका यकृतावर सुरी ठेवली आणि हात पुढे सरकेना. मामांनी ताट बाजूला घेतलं, म्हणाले, "बसा जरा. जनावर कुठे पळून जात नाही." मी बसले आणि भोकाड पसरून रडले, त्या सगळ्या आतड्यांच्या मधोमध.

मग घरी येऊन पत्र पहिल्यापासून वाचलं.

तर तू कबूल करतेस. कच्चं तूच घालत होतीस. पहिल्या महिन्यापासून. बारक्याने तुला खड्ड्याबद्दल सांगितलं ते "ताईचं खूळ" म्हणून, आणि माझं खूळ बुजवण्यात तुलाही जरा मजा आली, हेही लिहिलंस. एवढं लिहायची गरज नव्हती. पण लिहिलंस म्हणून बाकीचं मला खरं वाटलं.

खारू तुझ्या हातून जेवायची नाही. वकिलाला मिठी मारून शेडमध्ये पेंढ्यावर झोपायची आणि तू जवळ गेलीस की तोंड फिरवायची. रोज विचारायची, आत्या कधी येणार. तू म्हणायचीस उद्या. मग एक दिवस तिने विचारणं सोडलं आणि तुला ते जास्त लागलं. तुला कळलं की पोरीकडे जायची वाट कुत्र्यावरून जाते. तू फुप्फुसाचा एक तुकडा दाखवलास, वकील स्वयंपाकघराच्या दारात आला, आणि वकिलामागून खारू आली. दारातून आत, आतून ओट्यापाशी, ओट्यापाशी येऊन पहिल्यांदा तिने "भात दे" म्हटलं.

आणि तू लिहितेस, "वन्सं, मला तुमचा इतका हेवा वाटायचा की तुमचा फोटो मी कपाटात उलटा ठेवला होता."

माझा? माझा हेवा? मी इथे दोन खोल्यांत एक कप धुऊन तोच पुन्हा वापरते. रविवारी मला वेळ कुठे घालवावा ते समजत नाही. आणि तिथे माझ्या नावाने पोर रडत होती, हे मला कुणी सांगायचंसुद्धा नाही? मला हे आधी कळलं असतं तर मी किती कमी जळले असते! की जास्त, देव जाणे. तुझं पत्र वाचून मला तुझी कीव आली, राग आला आणि खरं सांगू, एक क्षण आनंदही झाला. आत्या कधी येणार. ती विचारायची.

आता दुसरं. खारू सोनोग्राफीला माझाच फ्रॉक घालून गेली, दोन्ही बाजूंना निळ्या पट्ट्या जोडून तू तो मोठा केलास, असं लिहिलंस. हे मला खूश करायला लिहिलं असशील. मला अजिबात आवडलं नाही. माझा फ्रॉकही तूच बेतावास? पण तिच्या अंगात तो बसला, हे बरं झालं.

तू विचारतेस, हे सगळं नवऱ्याला सांगू का. डॉक्टरांनी कुत्रा आणि कच्चं मांस हे त्याच्यासमोर काढल्यापासून तो तुझ्याशी बोलत नाही, नुसता बघत राहतो. तुला भीती वाटते, तो खारूला तुझ्यापासून तोडेल. तोडेल. माझा भाऊ आहे, मी ओळखते. एकदा डोक्यात गेलं की तो स्वतःच्या खुळ्या शब्दांची आठवण ठेवत नाही, दुसऱ्याची चूक मात्र वर्षानुवर्षं चघळतो. हे कुणाकडून आलंय ते तुला दिसतंच आहे.

मी तुला काही वचन देत नाही. वहिनी, मला विचारशील तर तुझी कबुली माझ्यासाठी खजिना आहे. चार वर्षं मी जे शोधत होते ते तू स्वतःच्या हाताने लिहून दिलंस. तू एवढी भोळी आहेस की एवढी चलाख, मला ठरवता येत नाही.

गोळी जेवणानंतर दे, रिकाम्या पोटी नको. जेवणात साय, लोणी असं काहीतरी हवं, तरच ती अंगी लागते. डोळे पिवळे दिसले, पोरगी मलूल झाली, तर लगेच डॉक्टरांना सांग. हे बारक्याला सांगून उपयोग नाही, तू लक्षात ठेव.

आत्या


१७ मार्च

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. दोन पानी! इतकं तू मला बाबा गेल्यावरही लिहिलं नव्हतंस.

तू लिहितोस, चुकलं, तुझं ऐकायला हवं होतं. लिहितोस, आता शपथेवर सांग, तू जे लिहिलंस ते खरं का, वकिलाला कच्चं तिनेच घातलं का. खरं असेल तर तिला तिच्या आईकडे सोडून येतो. आणि तू इकडे ये, ताई, खारूला तूच सांभाळ, घर तुझंच होतं.

हे शेवटचं वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. एकदा तर मी बॅग खाली काढली. झटकली. खारूच्या आताच्या मापाचे फ्रॉक कुठल्या दुकानात मिळतील याचाही विचार करून झाला. मग बॅग परत वर टाकली.

नाही बारक्या. ते खरं नाही.

मी तिला कच्चं घालताना पाहिलेलं नाही. एकदाही नाही. मी लाल पिंप पाहिलं आणि बाकीचं मनाने रचलं, कारण मला ते तसं हवं होतं. फुलझाडं खड्ड्याच्या शेजारी होती, मला ती वर दिसली. हेव्याने माणसाला दिसतं ते तसंच. कुरणावर मेंढी मरून पडते, कोल्हे तिला फाडतात, आणि वकील नाव मोठं असलं तरी शेवटी कुत्राच, त्याने तोंड घातलं असेल. तिथूनच आलं सगळं. तू त्याला औषध देत नव्हतास आणि मी तिथे नव्हते, एवढंच झालं. तिने त्यात काही केलेलं नाही. शपथ हवी असेल तर घेते, खारूची सोडून कुणाचीही.

पहिल्या पत्राला तू जे उत्तर दिलंस तेच बरोबर होतं. माझ्या पोटात दुखत होतं. अजून दुखतं, पण ते तुझं काम नाही.

दवाखान्यात पोरीला कुणी नेलं? तू नाही, मी नाही. तिने नेलं. तुला खोटं सांगून नेलं असेल, तरी तिचे पाय धर. डॉक्टर वेळेत आणलंत म्हणाले, ते तिला म्हणाले. तिच्याशी बोल. नुसता बघत बसू नकोस, तू बघतोस तेव्हा मेंढीसारखा दिसतोस.

वकिलाला गोळी घालून मारणार म्हणतोस. खबरदार. त्याला औषध झालं आहे, ते चालू राहिलं तर त्याच्यापासून भीती नाही. कच्चं खाल्लं यात त्याचा काय गुन्हा? आणि पहिल्या पत्रात मी तो मागितला होता, तेही विसर. तो इथे आला तर खारू तिथे एकटी पडेल. राहू दे तिच्याजवळ. फक्त अंथरुणात घेऊ नका आणि हात धुवायला लावा.

पुढच्या तपासणीला तुम्ही शहरात याल. माझ्याकडे उतरा असं मी म्हणणार नाही. एवढं खोटं लिहिणाऱ्या बहिणीच्या घरी तू येणार नाहीस, मला माहीत आहे. पण खारूची उंची आणि दंडाचा घेर कळव. तू मोजू नकोस, तुझी टेप नेहमी सैल असते. तिला मोजायला सांग.

गोळ्यांचं वेळापत्रक तू मला विचारलं आहेस, कशाबरोबर द्यायची, कधी द्यायची, काय बघायचं. ते मी कशाला लिहू? तुझ्या बायकोला विचार. तिला सगळं माहीत आहे.

ताई